रोपांची साक्ष

पर्यावरणाचा विषय निघाला की एक दाखला हमखास पुढे केला जातो. १९८०च्या दशकात जर्मनीत ‘जंगल मरतंय’ अशी हाकाटी झाली, साप्ताहिकांनी आम्लवर्षावावर मुखपृष्ठं छापली, आणि जंगलं तर आजही उभी आहेत! तेव्हा तो कांगावा होता, म्हणून आजचाही कांगावाच.

या पूर्वपक्षातलं निम्मं मी विनातक्रार मान्य करतो. जर्मनीतलं जंगल सरसकट मेलं नाही. उलट त्या काळात युरोपात बऱ्याच ठिकाणी झाडं जोमाने वाढत होती. हवेतून पडणाऱ्या नायट्रोजनचाही त्याला हातभार होता. भाकीत चुकलं. पण भाकीत चुकलं म्हणून रोगच नव्हता असं म्हणायचं असेल, तर आधी क्रुश्ने होरी नावाचे डोंगर नकाशावरून पुसावे लागतील.

चेक-जर्मन सीमेवरच्या या रांगेच्या पायथ्याशी लिग्नाइटच्या खाणी आणि तोच कोळसा जाळणारी वीजकेंद्रं आहेत. चेक, पोलिश आणि पूर्व जर्मन सीमांमधल्या या टापूला ‘काळा त्रिकोण’ असं नावच पडलं होतं. तिथे माथ्यावरचे स्प्रूस (नाताळचं झाड म्हणून आपण ज्याची प्लास्टिकची नक्कल आणतो, तोच) हजारो हेक्टरांवर वाळले आणि तोडावे लागले. १९७९ उजाडतानाच्या रात्री काही तासांत पारा वीस अंशांहून जास्त घसरला. गंधकाच्या धुराने आधीच खंगलेल्या झाडांना तो तडाखा सोसला नाही.

उभी झाडं मोजून जंगलाची तब्येत ठरवणाऱ्यांशी माझं भांडण इथेच आहे. म्हातारं झाड जुन्या पुंजीवर बरीच वर्षं काढतं. रोपाकडे पुंजी नसते. त्याची मुळं मातीच्या वरच्या थरात असतात, आणि आम्ल साचतं तेही तिथेच. सामू ४.२च्या खाली गेला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळतं, बारीक मुळं जाळतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमची वाट अडवतं. मग जुन्या सुया पिवळ्या पडतात. निरोगी स्प्रूस सहा-सात वर्षांच्या सुया अंगावर बाळगतो. इथे दोन-तीन वर्षांच्याच उरत. डोंगरावरचं धुकं तर पावसापेक्षा जास्त आम्ल वाहून आणतं आणि सुयांवर हिम होऊन गोठतं. हिवाळा सरताना बर्फाखाली दडलेल्या फांद्या हिरव्या आणि उघडा राहिलेला शेंडा तांबूस, हे दृश्य ज्याने पाहिलंय त्याला वेगळा पुरावा लागत नाही.

“मग दोष स्प्रूसचा! बीच-फरचं मिश्र रान तोडून एकाच जातीची लागवड कोणी सांगितली होती?” हा दुसरा आक्षेप. लागवड चुकलीच होती. पण याच तर्काने पुढे काय झालं ते पाहा. ‘धूर सोसणारा’ म्हणून अमेरिकेतला निळा स्प्रूस आणून लावला. लावण्याआधी बुलडोझरने वरची सुपीक माती खरवडून तिचे बांध घातले आणि रोपं उघड्या, भुकेल्या जमिनीत रोवली. २००९च्या सुमारास त्या निळ्या झाडांच्या कळ्या मारणारी बुरशी पसरली. झाड बदललं, माती तीच होती.

तिसरा पक्ष अधिक सभ्य आहे: झालं ते झालं, आता हवा स्वच्छ आहे, जंगल आपोआप सावरेल. हवा स्वच्छ झाली हे खरं, पण तीही आपोआप नव्हे. नोव्हेंबर १९८९मध्ये, प्रागमधल्या क्रांतीच्या आठवडाभर आधी, याच डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या टेप्लित्से शहरातले लोक श्वास घेता येईना म्हणून रस्त्यावर उतरले. १९९१च्या कायद्याने वीजकेंद्रांना १९९८अखेरची मुदत दिली. धूर चुनखडीच्या पाण्यातून नेऊन गंधक जिप्समच्या रूपात अडवायला सुरुवात झाली. चेक भूमीत १९९०मध्ये अठरा-एकोणीस लाख टनांच्या घरात असलेला सल्फर डायऑक्साइड २०००पर्यंत तीन लाख टनांच्या आत आला. मधल्या १९९५-९६च्या हिवाळ्यात, काम अर्धवट असताना, धुकं डोंगरावर ठाण मांडून बसलं आणि पुन्हा हजारो हेक्टर भाजून निघाले. म्हणजे जंगल जिथे वाचलं तिथे ते ओरडणाऱ्यांमुळे वाचलं. आग विझल्यावर बंबवाल्यालाच खोटा ठरवायचं, असा हा न्याय झाला!

आणि मातीचं काय? तिच्यात दशकानुदशकं मुरलेलं सल्फेट सावकाश बाहेर पडतं आणि जाताना उरलंसुरलं मॅग्नेशियम धुऊन नेतं. हवा निवळल्यानंतरही, १९९०च्या दशकाच्या शेवटी, पश्चिम क्रुश्ने होरीत स्प्रूस पिवळे पडलेच. म्हणून बीच आणि फरची रोपं पुन्हा लावायची, हरणांनी खाऊ नयेत म्हणून त्यांना कुंपण घालायचं आणि माती सुधारण्याचं काम सोडायचं नाही, याला पर्याय मला दिसत नाही.

डोंगराच्या दोन्ही बाजूंना हेलिकॉप्टरमधून मातीचं आम्ल उतरवणारी डोलोमाइटची भुकटी या शतकातही टाकली जाते आहे. कधी झालाच नव्हता म्हणता त्या रोगाचं हे औषध दोन देशांची वनखाती सरकारी पैशाने का विकत घेतात, तेवढं पूर्वपक्षाने सांगावं.