पहिली ऑर्डर कोण देणार?

शंकर आबाजी भिसे यांची आज जयंती. २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत जन्मलेले भिसे एकेकाळी ‘भारताचे एडिसन’ म्हणून वर्तमानपत्रांत गाजले. आज स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात त्यांच्या नावाची एखादी ओळ सापडली तर सापडते. तीनच दिवसांपूर्वी जागतिक बौद्धिक संपदा दिन झाला. १९९८च्या पोखरण चाचण्यांची आठवण म्हणून पाळला जाणारा राष्ट्रीय तंत्रज्ञान दिन ११ मे रोजी येईल. पुरस्कार दिले जातील आणि सरकार संशोधकांसाठी काय काय करते, याची यादी व्यासपीठावरून वाचली जाईल. यादी खोटी नसते, पण ती जिथे संपते तिथून संशोधकाची खरी अडचण सुरू होते.

भिसे यांच्या बाबतीत तर सरकार परकेच होते. लंडनच्या एका नियतकालिकाने आपोआप तोलून माल देणाऱ्या यंत्रासाठी स्पर्धा लावली आणि मुंबईत बसून भिसे यांनी ती जिंकली. दिनशा वाच्छा यांनी दादाभाई नौरोजींच्या नावे परिचयपत्र दिले, त्याच्या बळावर ते लंडनला गेले. छापखान्यासाठी शिशाचे खिळे झपाट्याने ओतणारे त्यांचे ‘भिसोटाइप’ जाणकारांना थक्क करून गेले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी शब्द टाकला, सर रतन टाटांनी पैसा घातला आणि ‘टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट’ उभी राहिली. पेटंट होते, भांडवल होते, नावही झाले होते. पण लंडनच्या बाजारात यंत्राचे पाय रोवले जाण्याआधीच पहिल्या महायुद्धाच्या काळात सिंडिकेट गुंडाळली गेली आणि भिसे अमेरिकेला निघून गेले. तिथे त्यांनी आयोडीनवर आधारलेले ‘अ‍ॅटोमिडीन’ नावाचे औषध काढले. गंमत अशी की, आयुष्यभर यंत्रांसाठी झटलेल्या या माणसाचे बाजारात टिकले ते हे औषध! ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले, त्यानंतरही ते औषध विकले जात राहिले.

शोध बाजारापर्यंत नेण्यातली ही उणीव स्वतंत्र भारताने लवकर ओळखली, हे मान्य करायला हवे. प्रयोगशाळांतले शोध कारखान्यांपर्यंत नेण्यासाठी राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ १९५३ सालीच स्थापन झाले. पुढे तंत्रज्ञान विकास मंडळ आले, गावोगावच्या हुन्नरी माणसांसाठी राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान आले, जैवतंत्रज्ञानासाठी ‘बायरॅक’ आली. आज कल्पनेचा नमुना घडवायला ‘निधी-प्रयास’मधून १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. पेटंटच्या शुल्कात स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ८० टक्के सवलत आहे. २०२३-२४ या एका वर्षात देशात १ लाखाहून अधिक पेटंट मंजूर झाली. २०२५मध्ये केंद्राने संशोधन आणि नवोन्मेषासाठी १ लाख कोटींच्या निधीला मंजुरी दिली. पैशाच्या बाबतीत हात आखडता घेतला, असा आरोप करायला फारशी जागा उरलेली नाही.

तरीही नमुना तयार झालेला, चाचणी पार पडलेली, पेटंट हाती आलेले आणि गिऱ्हाईक एकही नाही, अशा अवस्थेत लोक अडकतात. समजा, एखाद्याने ग्रामीण रुग्णालयासाठी स्वस्त, उपयोगी उपकरण बनवले. वैद्यकीय अधिकाऱ्यांना ते पसंत पडले. फाइल खरेदी शाखेत गेली, की पहिला शेरा ठरलेला: तीन दरपत्रके जोडा. वस्तू जगात एकच माणूस बनवतो. उरलेली दोन दरपत्रके आणायची कोठून? एकाच पुरवठादाराकडून खरेदी करण्याची तरतूद नियमांत आहे. पण त्यावर सही करणाऱ्याला उद्या ऑडिटच्या आक्षेपाला एकट्याने उत्तर द्यावे लागते. जुनेच यंत्र पुन्हा घेतले तर त्याला कोणी काही विचारत नाही. मग निविदा निघते, तीत तीन वर्षांचा पुरवठ्याचा अनुभव आणि अमुक इतकी उलाढाल मागितलेली असते. स्टार्टअपना या अटींतून आणि बयाणा रकमेतून सूट देता येते, असे केंद्राचे नियम सांगतात. निविदेचा मसुदा मात्र बहुधा मागच्या वर्षीचाच, तारीख बदललेला.

सरकारने बाजारात पडू नये, चांगल्या मालाला गिऱ्हाईक आपोआप मिळते, असे सांगणारे आहेत. पण रुग्णालये, शाळा, पाणीपुरवठा, एसटी, महापालिका यांच्यासाठी लागणारा माल घेणारे सरकार बाजारात आधीपासून आहेच, आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणून आहे. त्याने नव्या मालाकडे पाठ फिरवली, तर खासगी खरेदीदार तरी कशाला धजावेल? संरक्षण खात्याने २०१८ पासून ‘आयडेक्स’मध्ये आपली गरज आधी जाहीर करून तिचे उत्तर मागवायला सुरुवात केली, तेव्हा अनुदानामागे खरेदीदारही उभा राहिला. आपल्या राज्यात महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहातील विजेत्यांना शासकीय विभागांत प्रयोग करून दाखवण्यासाठी वर्क ऑर्डर दिली जाते. आमच्या मते हा उपक्रम कितीतरी मोठ्या अनुदानांपेक्षा शहाणपणाचा आहे, कारण त्यात सरकार दाता नसून गिऱ्हाईक आहे आणि गिऱ्हाईक तक्रार करते, दुरुस्त्या सुचवते, माल परतही करते. नवे म्हणून सगळेच घ्यावे, असे कोणी म्हणत नाही. प्रयोग फसला तर तसे तोंडावर सांगावे, त्यातूनही संशोधक शिकतो. न मिळालेल्या उत्तरातून तो काहीच शिकत नाही.

दिलेल्या ऑर्डरचे बिलही वेळेत निघायला हवे. लघुउद्योगांची देणी ४५ दिवसांत चुकती करा, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्या, असे २००६चा कायदा सांगतो. हे व्याज सरकारी कार्यालयाकडे मागण्याची हिंमत किती छोटे पुरवठादार करतील? पुढची ऑर्डर त्याच टेबलावरून यायची असते.

पेटंटधारकाला आपला शोध वापरात आहे की नाही, याचे विवरण पेटंट कार्यालयाला द्यावे लागते. पूर्वी ते दरवर्षी द्यावे लागे. २०२४च्या नियमदुरुस्तीनंतर तीन वर्षांतून एकदा. असेच विवरण राज्य सरकारने आपल्या विभागांकडूनही मागवावे. स्टार्टअप सप्ताहातल्या ऑर्डरचा प्रयोग संपल्यावर किती विभागांनी तीच वस्तू स्वतःच्या अंदाजपत्रकातून पुन्हा घेतली, किती विभागांनी नाकारली आणि कोणत्या कारणासाठी, हे विभागवार छापून ११ मे रोजी लोकांसमोर ठेवता येईल. त्यासाठी नवी योजना नको की नवे मंडळ नको. माहिती मंत्रालयातल्या फायलींतच आहे.