बसतंय की!

मी कॉन्व्हेंटची, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हे मराठीतच सांगायचंय.

माझ्या मामेभावाने, दादाने, हॅचबॅकच्या स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली आणि १४ इंची चाकं काढून १६ इंची अलॉय व्हील्स घातली. टायरचं माप त्याने बरोबर निवडलं: जुनं १६५/८० आर १४, नवं १९५/५५ आर १६. दोन्हींचा व्यास साधारण ६२० मि.मी., त्यामुळे स्पीडोमीटरही बिघडला नाही. मग चुकलं कुठे? ऑफसेटमध्ये! जुनी रिम ६ इंच रुंद, ऑफसेट ४५. नवी ७ इंच, ऑफसेट ३५. रुंदीचे १२.७ आणि ऑफसेटचे १० मिळून रिमची कड जवळजवळ २३ मि.मी. बाहेर आली.

फिटर म्हणाला, "बसतंय की!" दादा एकटा फिरायचा तोवर खरंच बसत होतं. गणपतीला मागे मामा, मामी, आजी बसले आणि पहिल्याच खड्ड्यात मागचा टायर मडगार्डच्या कडेला घासला. घरी पोचून बघतो तर टायरला खोल चीर. घाटात फुटला असता तर?

मित्रांनो, मला स्टाईलचा राग नाही. राग याचा, की दादासुद्धा इंजिनिअर आहे! ही बेरीज पाचवीतली आहे. आपण ती पेपरात करतो, गॅरेजमध्ये विसरतो. चाकं घेण्याआधी गाडीत माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, मोकळी जागा पट्टीने मोजा. उभ्या गाडीत चाक बसणं वेगळं, भरल्या गाडीत फिरणं वेगळं.