मोकळ्या रोहिण्या, दुखावलेले हृदय

बऱ्हाणपूर ही खानदेशची जुनी राजधानी. आज ती मध्य प्रदेशात असली तरी तेथील कितीतरी घरांत मराठी नांदते. अशाच एका यंत्रमागावर राबणाऱ्या घरातील पन्नाशीच्या गृहिणीच्या छातीत रात्री कळ आली, असे समजू या. घरची माणसे गाडी ठरवून सुमारे १८० किलोमीटरवरचे इंदूर गाठतात. रक्तातील ट्रोपोनिन वाढलेले असते, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची साक्ष मिळते. परंतु अँजिओग्राफीत रोहिण्या मोकळ्या दिसतात. 'नॉर्मल' असा शेरा घेऊन ती परतते. पुढे पुन्हा कळ आलीच तर घरचेच म्हणणार, 'तपासणीत काही निघाले नव्हते, गॅस झाला असेल.' आमच्या मते खरा धोका या शेऱ्यात आहे.

हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणाऱ्या शंभरांपैकी साधारण पाच ते दहा रुग्णांत मोठ्या रोहिणीत निम्मा अडथळाही आढळत नाही. स्त्रियांत हे प्रमाण अधिक. वैद्यक याला 'मिनोका' म्हणते. मात्र हे तात्पुरते नाव आहे, शोध तेथून सुरू व्हावयाचा असतो. कोणाच्या रोहिणीला पेटका आलेला असतो, कोणाच्या आतील थराला चीर गेलेली असते, कोठे गुठळी होऊन विरघळलेली असते. कोठे दोष सूक्ष्म वाहिन्यांचा असतो. बऱ्हाणपुरात जहांगीरकालीन कुंडी भंडारा आहे. सातपुड्यातून झिरपलेले पाणी भूमिगत बोगद्यांतून शहराकडे येते आणि वर दिसतात ती केवळ कुंड्यांची तोंडे. अँजिओग्राफीलाही मोठे प्रवाह तेवढे दिसतात. स्नायूत झिरपणाऱ्या केसासारख्या वाहिन्या तिच्या नजरेला पडत नाहीत.

हा आजार सौम्य असतो, हा समजही टिकणारा नाही. स्वीडनमध्ये अशा नऊ हजारांहून अधिक रुग्णांचा सरासरी चार वर्षे मागोवा घेण्यात आला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जवळजवळ चौथा हिस्सा रुग्णांना मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात किंवा हृदय निकामी होणे यांपैकी काहीतरी भोगावे लागले. आणि निदान अशक्य आहे, असेही नाही. केवळ स्त्रियांवरील २०२१ च्या एका अभ्यासात रोहिणीच्या आतील सूक्ष्मचित्रण आणि हृदयाचे एमआरआय यांच्या जोडीने सहांपैकी पाच जणींत कारण हाती लागले. काहींत ते झटक्याचे नव्हते, स्नायूला आलेली सूज होती. कारणानुसार औषध बदलते, हे महत्त्वाचे. पेटक्यावर कॅल्शियमरोधक गोळ्या लागतात. इतर हृदयरुग्णांना सर्रास दिल्या जाणाऱ्या काही बीटारोधक गोळ्या तेथे उलट्या पडू शकतात.

एमआरआय महाग आहे, जिल्ह्याच्या गावी ते सहज मिळत नाही, हे आम्ही जाणतो. सत्तरी-काणकोणहून बांबोळीला येणाऱ्या आपल्या माणसांनाही हेलपाट्यांचा खर्च ठाऊक आहे. परंतु काही गोष्टींना पैसा लागत नाही. घरी पाठविताना कागदावर 'नॉर्मल' न लिहिता 'हृदयाला इजा झाली आहे, कारण शोधावयाचे आहे' असे रुग्णाच्या भाषेत लिहावे. पुढील तपासणी कोठे आणि केव्हा, तेही नोंदवावे. आणि कळ पुन्हा आली तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे, हे रुग्णासोबत आलेल्या मुलाला किंवा सुनेला समोर बसवून सांगावे.