सुविचाराखालचं नाव

एखादा समाज समजून घ्यायचा असेल तर त्याचे अवतरणसंग्रह जरूर वाचावेत. लोकांनी काय केलं ते इतिहासात सापडतं. त्यांना स्वतःबद्दल काय ऐकायला आवडतं, ते या संग्रहांत सापडतं. अमेरिकन संग्रह वाचताना हे विशेष जाणवतं.

यातला सर्वांत नावाजलेला संग्रह जॉन बार्टलेटचा. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला, हार्वर्ड विद्यापीठाजवळ त्याचं पुस्तकांचं दुकान होतं. "हे वाक्य कुणाचं हो?" असं विचारत गिऱ्हाइकं यायची आणि हा गृहस्थ सांगायचा. १८५५ साली त्याने संग्रह छापला, तो मुख्यतः बायबल, शेक्सपिअर आणि इंग्लंडच्या कवींनी भरलेला होता. पुढे २००६ मध्ये येल विद्यापीठाचा संग्रह आला. त्यात सिनेमातले संवाद, जाहिरातींच्या ओळी, बेसबॉलपटूंची मुक्ताफळं, सगळं आहे. दीडशे वर्षांत अमेरिकेला स्वतःचा आवाज सापडला, तो असा.

पण या आवाजात बरेच उसने सूरही आहेत. टॉकव्हिल हा फ्रेंच माणूस १८३१ मध्ये अमेरिका बघायला गेला आणि परतल्यावर त्याने तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. अमेरिका चांगली आहे म्हणून ती थोर आहे, अशा अर्थाचं एक वाक्य त्याच्या नावावर सांगतात. रेगन आणि क्लिंटन, दोन वेगळ्या पक्षांचे राष्ट्राध्यक्ष, दोघांनीही ते भाषणात वापरलं. त्या ग्रंथात मात्र ते वाक्य नाहीच! आपली स्तुती पाहुण्याच्या तोंडून ऐकायला कुणाला आवडत नाही?

मात्र ही वाक्यं तपासण्याचा उद्योगही अमेरिकनांनीच मन लावून केला. तिथल्या खासदारांना भाषणासाठी अवतरणं लागतात, आणि ती खरी आहेत का, हे काँग्रेसच्या ग्रंथालयातला संशोधन विभाग शोधून देतो. त्या शोधांतूनच १९८९ मध्ये एक संग्रह निघाला. जिथे मूळ सापडलं नाही, तिथे 'सापडलं नाही' असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. मला हा संग्रह सगळ्यांत जास्त आवडतो, तो याच गुणासाठी.

आता आपल्या घरची गोष्ट. लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून जे पत्र प्रसिद्ध आहे, ते महाराष्ट्रात कितीतरी शाळांच्या भिंतीवर लावलेलं असतं. वसंत बापटांनी ते मराठीत इतकं सुंदर आणलं की ते आपलंच होऊन गेलं. पण रॉय बास्लर यांनी १९५३ मध्ये संपादित केलेल्या लिंकनच्या समग्र लेखनात हे पत्र नाही. लिंकनने ते लिहिल्याचा कुठलाच पुरावा नाही.

यावर काही मंडळी म्हणतील, "विचार चांगला आहे ना? मग कुणाचा का असेना!" मला हे पटत नाही. विचार स्वतःच्या पायांवर उभा राहत असेल तर लिंकनचं नाव हवंच कशाला? आणि नावामुळेच तो उभा असेल, तर आपण मुलांना विचार शिकवत नाही, नावापुढे मान डोलवायला शिकवतो. त्यातून ज्या पत्राचा सारा भर खरेपणावर आहे, त्याच्याच खाली खोटी सही? मुलं हे सगळं बघत असतात. आज तर मोबाईलवर रोज सकाळी विवेकानंद, आइन्स्टाइन, कलाम यांच्या नावाने काय काय येऊन पडतं! नाव तपासायची सवय शाळेतल्या फळ्यापासूनच लागली पाहिजे.

पत्र भिंतीवरून काढा, असं माझं म्हणणं नाही. राहू दे. त्याखाली फक्त एवढं लिहावं: 'मूळ लेखक अज्ञात. मराठी अनुवाद वसंत बापट.' मग एखादा मुलगा विचारेल, "अज्ञात का?" आणि त्या तासाला शिक्षकाला खरोखर काहीतरी शिकवता येईल.

आपल्यापैकी जे अजून शाळेत शिकवतात, त्यांनी हे करून पाहावं आणि मुलांनी काय विचारलं ते मला जरूर कळवावं.