दुकान छोटं म्हणून गप्प बसायचं?

वलगावात कुणाचा नवा मिक्सर आठवड्यात बंद पडला आणि दुकानदार "कंपनीले सांगा" म्हणून मोकळा झाला, की आजूबाजूचे समजूत काढतात: "जाऊ द्या न भाऊ, गावातला मानूस हाय, कायले बोलता?" मला ही दया अजिबात पटत नाही. गप्प बसलेलं हेच गिऱ्हाईक पुढचा मिक्सर अमरावतीहून आणतं, आणि ते का तुटलं हे दुकानदाराला कधी कळतच नाही! (आमच्या धंद्यातही बग न कळवता निघून जाणारा युजरच सगळ्यात महाग पडतो. असो.)

कायदा काही दुकानाचा आकार बघत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणं हीसुद्धा.

म्हणून पहिल्याच दिवशी हेल्पलाइन फिरवा असं नाही. आधी बिल घेऊन, दुकानात गर्दी नसताना, तोंडावर बोला. नेटवर एक स्टार देऊन पळणं हा मात्र निव्वळ भेकडपणा. गरिबाच्या पोटावर पाय येतो तो त्यानं. एवढं करूनही ऐकलं नाही तर खुशाल १९१५ लावा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तर फीसुद्धा नाही.