प्रिप्यातचे खरे भय
२६ एप्रिल १९८६ च्या उत्तररात्री चेर्नोबिलच्या चौथ्या अणुभट्टीचा स्फोट झाला, आणि दुसऱ्या दिवशी, कागदपत्रे व थोडे खाद्य घेऊन तात्पुरते बाहेर पडावे, असा सरकारी हुकूम ऐकून शेजारच्या प्रिप्यात नगरीचे जे सुमारे ४९,००० रहिवासी बसगाड्यांतून निघाले, त्यांना त्या घरांत पुन्हा नांदण्याचा योग कधीच आला नाही. १ मे रोजी उघडावयाच्या उद्यानातील पिवळा आकाशपाळणा तेथे अद्याप स्तब्ध उभा आहे.

या निर्मनुष्य नगरीत साहसी पर्यटकांची टोळी शिरते आणि किरणोत्सर्गाने विद्रूप झालेली माणसे अंधारातून त्यांच्यावर तुटून पडतात, असे कथानक असलेला 'चेर्नोबिल डायरीज' हा भयपट २०१२ मध्ये आला. त्याचे चित्रण मात्र हंगेरी व सर्बियात झाले. भय हा आपल्या नाट्यशास्त्राने मानलेला स्थायिभाव आहे, तेव्हा भयपटाशी माझे वैर नाही. ओसाड वास्तूंची ओढही मी निंद्य मानीत नाही, कारण भग्न तटाशी उभे राहिले असता माणूस अंतर्मुख होतो, हा माझाही अनुभव आहे. परंतु ज्यांनी ते दुःख प्रत्यक्ष भोगले आणि ज्यांच्यापैकी कित्येक आजही हयात आहेत, त्या पीडितांच्याच देहाला राक्षसाचे रूप देऊन तिकिटे विकणे हा उघड अन्याय आहे. त्या नगरीतले खरे भय अदृश्य होते. स्फोटानंतरच्या त्या शनिवारी प्रिप्यातची मुले नेहमीप्रमाणे उघड्यावर खेळत होती, आणि कोणाही अंमलदाराने त्यांच्या मातापित्यांना सावध केले नव्हते.