नफा कंपनीचा, ओझे जनतेचे

ऑक्टोबर १९३० मध्ये पूर्व टेक्ससमध्ये तेल लागले आणि ‘ज्याच्या विहिरीत येईल त्याचे’ या न्यायाने जो तो भूगर्भ उपसू लागला. भाव कोसळले, ऑगस्ट १९३१ मध्ये विहिरी बंद पाडण्यास गव्हर्नरला सैनिक धाडावे लागले. भूगर्भात बांध नसतात, हे खाजगी मालकीच्या भाटांना तेव्हा उमगले!

नॉर्थ डकोटाने २००९ मध्ये कर्बवायू जमिनीत गाडण्याचा कायदा केला. सच्छिद्र खडकाच्या ६० टक्के मालकीची संमती मिळताच उरलेल्यांना मोबदला देऊन योजनेत ओढण्याची त्यात तरतूद केली. सामुदायिक हितासाठी अशी सक्ती समाजवाद्यांना अमान्य नाही. परंतु वायू भरणे थांबल्यावर किमान १० वर्षांनी पूर्ततेचा दाखला मिळाला, की साठा आणि त्याची जबाबदारी सरकारच्या गळ्यात, कंपनी मोकळी! १९१९ मध्ये स्वतःची सरकारी बँक उभारणाऱ्या या राज्याने साठवणुकीचा नफाही जनतेचाच का ठरवू नये?